कॉस्मेटिक सर्जनची डिग्री नक्की तपासायची कशी? (भावाचं ऑपरेशन ठरतंय, घाई आहे)

सांजवात | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरेच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २४, नाशिकला असतो. त्याला गायनेकोमॅस्टिया आहे म्हणजे छाती बायकांसारखी वाढलेली. बारीक आहे तसा, पण टीशर्ट घालत नाही, मे महिन्यातही वर जाडा शर्ट, आत घट्ट बनियन. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या लग्नात हळदीला सगळी पोरं उघडी बसली आणि हा पोट दुखतंय सांगून खोलीत. आई म्हणते जाईल आपोआप, बाबांना विषयच नको असतो.

तर त्याने रील बघून पुण्यातलं एक क्लिनिक शोधलंय. पाच हजार टोकन भरून मोकळा झालाय आणि मग मला सांगितलं. "एका तासात घरी, टाका नाही, डाग नाही" वगैरे. तिथली मुलगी रोज फोन करते, मॅम आज कन्फर्म केलं तर ५५ चं ३८ मध्ये करून देऊ. अहो साड्यांचा सेल आहे का हा?

कागदावर डॉक्टरांच्या नावाखाली "कॉस्मेटिक सर्जन" आणि पुढे एमबीबीएस, एफएएम, एफसीएस अशी अक्षरं. मी कॉमर्सवाली, मला यातलं एमबीबीएस सोडून काही कळत नाही. हे नक्की सर्जन आहेत की नाहीत हे घरबसल्या कसं तपासायचं? पुढच्या शुक्रवारची तारीख दिलीय.

पाववडा | सोमवार, रात्री ११:०४

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रतिसाद वाचायला थांबलोय.

टाका_दोरा | सोमवार, रात्री ११:४०

सांजवात ताई, मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे, हर्निया मूळव्याध अपेंडिक्स यात आयुष्य चाललंय, त्यामुळे माझा यात धंदा नाही हे आधीच सांगतो.

कॉस्मेटिक सर्जन नावाची डिग्री आपल्याकडे नाहीच. तो शब्द कोणीही पाटीवर रंगवतो. डिग्री असते प्लास्टिक सर्जरीची. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग परत एन्ट्रन्स देऊन तीन वर्षं एमसीएच प्लास्टिक सर्जरी. हिशोब करा, साडेअकरा वर्षं, तेही सगळं एका दमात मिळालं तर. एमसीएचच्या जागी डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तशीच पदवी) असेल तरी चालतं, त्याला आता डीआरएनबी म्हणतात, पण पुढे प्लास्टिक सर्जरी हे शब्द पाहिजेत. नुसतं डीएनबी कशाचंही असू शकतं.

ती जी एफ ने सुरू होणारी अक्षरं आहेत ती फेलोशिप. आता फेलोशिप वाईट नसते. एमसीएच झाल्यावर कोणी वर्षभर नाकावरच काम करून आला तर ते सोनंच आहे. पण एमबीबीएसनंतर थेट फेलोशिप इन ऍस्थेटिक मेडिसिन म्हणजे बहुतेक वेळा काही आठवड्यांचा किंवा ऑनलाइन कोर्स असतो, त्यात बोटॉक्स, फिलर, लेझर, केमिकल पील शिकवतात. सुरी धरायला नाही शिकवत. गाडीचं लर्निंग लायसन काढून कोणी एसटी चालवायला बसला तर बसाल का तुम्ही?

अजून एक गंमत. "एमएस" बघून हुरळू नका, एमएस कशातलं ते विचारा. डोळ्यांचं एमएस असतं, कान नाक घशाचं असतं, आयुर्वेदात शल्यतंत्राचं एमएस असतं. पाटीवर नुसतं एमएस लिहिलं की सगळे सारखेच दिसतात.

सांजवात | मंगळवार, सकाळी ८:१५

बाप रे. म्हणजे आमच्या कागदावर एमएस पण नाही आणि एमसीएच पण नाही. पण हे सगळं त्यांनी लिहिलंय म्हणून मी वाचतेय, खरं खोटं कुठे कळणार? आणि एमबीबीएस तरी खरं आहे का ते कसं बघू?

कुंदा_७ | मंगळवार, सकाळी ९:३०

मी मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात १९ वर्षं होते, आता रिटायर. सांगते.

एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर जा (आधीची एमसीआय म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया, २०२० ला बदललं). तिथे इन्फर्मेशन डेस्कमध्ये इंडियन मेडिकल रजिस्टर असतं. नाव टाकून शोधता येतं पण ते करू नको, वेड लागेल, पाटील आणि देशमुख टाकलंस तर अख्खं गाव समोर येतं. रजिस्ट्रेशन नंबर आणि कुठल्या राज्याचं कौन्सिल ते टाक. वडिलांचं नाव, डिग्री, विद्यापीठ, वर्ष येतं.

दुसरं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर पण बघ. तिथे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात कॉन्फरन्स वगैरे करून. आणि क्यूआर कोडही काढलाय कौन्सिलने आता, दवाखान्यात लावलेला असला तर मोबाइलने स्कॅन करून माहिती दिसते.

एक मात्र लक्षात ठेव, एनएमसीच्या रजिस्टरमध्ये नंतरची डिग्री कधी कधी चढलेलीच नसते. एमसीएच होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाचं तिथे नुसतं एमबीबीएस दिसतं. त्यामुळे तिथे नाही दिसलं म्हणजे लगेच खोटारडा असं नाही, पण मग त्यांच्याकडून ऍडिशनल क्वालिफिकेशनच्या नोंदणीचं सर्टिफिकेट मागायचं. खऱ्या माणसाला राग येत नाही, भिंतीवरच टांगलेलं असतं फ्रेम करून.

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:४८

कुंदाताई खूप आभार. पण नंबरच नाहीये कागदावर!!

कुंदा_७ | मंगळवार, सकाळी १०:०२

नाहीये?? अगं २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे, दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवरसुद्धा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. पाच हजाराची पावती आहे ना? ती बघ.

सांजवात | मंगळवार, सकाळी १०:२०

पावती नाही, गूगल पे चा स्क्रीनशॉट आहे. तोही कुठल्यातरी वेलनेस एलएलपी म्हणजे भागीदारी कंपनीच्या नावाने.

पाववडा | मंगळवार, सकाळी १०:२३

🤦

ठाणेकर_बाप्पा | मंगळवार, दुपारी १:१०

केसांसाठी पण हेच नियम का? मी हेअर ट्रान्सप्लांटचा विचार करतोय, बायको म्हणते टक्कल शोभतं पण ती प्रेमाने म्हणते की पैसे वाचवायला ते कळत नाही.

टाका_दोरा | मंगळवार, दुपारी ३:३५

बाप्पा, वहिनी दोन्हीसाठी म्हणत असतील.

केसांच्या बाबतीत त्वचारोगतज्ज्ञही चालतात, एमडी किंवा डीएनबी. २०२२ च्या सप्टेंबरात एनएमसीने मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात चक्क लिहिलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही. सरकारी कागदात यूट्यूबचं नाव यायची वेळ का आली ते बघा. २०१९ ला मुंबईत ४३ वर्षांचा एक व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर गेला होता, एका बैठकीत साडेनऊ हजार केस लावल्याची बातमी होती. आणि २०२५ ची कानपूरची केस, दोन इंजिनिअर गेले, आरोप झाला तो एका डेंटिस्टवर.

डेंटिस्टचा मात्र वाद आहे हां. ज्यांनी तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जरीत एमडीएस म्हणजे दंतवैद्यकातली पुढची पदवी केलीय त्यांना चेहऱ्याचं आणि केसांचं काम करता येतं असं डेंटल कौन्सिल म्हणतं, प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांना ते मान्य नाही. जबड्याची मोडतोड ते लोक उत्तम जोडतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण छातीचा आणि जबड्याचा काय संबंध, त्यामुळे ताईंच्या भावाला तो प्रश्न नाही.

भूलभुलैया | मंगळवार, रात्री ९:५५

नावावरून ओळखलंच असेल, मी भूल देते. वीस वर्षं झाली. सगळे सर्जन सर्जन करतात, माझं कोणी विचारतच नाही म्हणून आले 😀

सांजवात, त्या क्लिनिकला फोन करून एकच प्रश्न विचार, भूल कोण देणार? नाव सांगा. जर उत्तर आलं की "भूल लागतच नाही मॅम, फक्त इंजेक्शन देऊन सुन्न करतो" तर अजून सावध हो. लायपोसक्शनला म्हणजे नळीने चरबी ओढून काढताना सुन्न करणारं औषध पाण्यात मिसळून चरबीत लिटर लिटरने भरतात, लिग्नोकेन. ते वजनाप्रमाणे मोजून द्यायचं असतं, जास्त झालं तर आधी ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज, मग झटके आणि मग हृदय. आणि हे कधी कधी काही तासांनी होतं, म्हणजे पेशंट रिक्षात बसून घरी निघाल्यावर. "एका तासात घरी" या जाहिरातीचा मला म्हणून राग येतो.

छातीला चरबी थोडीच निघते म्हणा, पोटमांड्यांसारखी नाही. पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवायचं असा आमच्यात दंडक आहे. तरी सुद्धा ऑक्सिजन, मॉनिटर, शॉक द्यायचं मशीन आणि ते चालवता येणारा माणूस खोलीत पाहिजे म्हणजे पाहिजे. २०२२ ला बंगळुरूत टीव्हीवरची २१ वर्षांची मुलगी चरबी काढायला गेली आणि परत आली नाही, आठवत असेल.

आणि जागा बघून ये. बेड असलेल्या ठिकाणाला महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते, पुण्यात महापालिका देते, सर्टिफिकेट दर्शनी भागात लावलेलं असतं. रुग्णहक्कांची सनद पण लावायची असते, २०२१ पासून. नुसतं सोफा आणि आर्किड ठेवलेलं रिसेप्शन बघून भुलू नका (भुलवणं माझं काम आहे).

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ११:२०

अवांतर आहे पण राहवत नाही. प्लास्टिक सर्जरी आणि पुणे हे नातं फार जुनं. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला एक गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या तावडीत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला, मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याचं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. १७९४ ला लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनात चित्रासकट छापून आलं तेव्हा कुठे तिकडच्यांना हे कळलं, आणि मग १८१४ ला तिथे कार्प्यू नावाच्या सर्जनने करून बघितलं. कपाळाच्या त्या कातडीला जगभर अजून इंडियन फ्लॅप म्हणतात.

आता सांगा, त्या कारागिराचा रजिस्ट्रेशन नंबर काय होता? डिग्री डिग्री काय लावलंय.

टाका_दोरा | बुधवार, दुपारी २:०५

रिकामटेकडाजी, त्याच्या घरात ते पिढ्यान् पिढ्या चालत होतं, बापाच्या शेजारी बसून शिकला असणार. तीच त्याची एमसीएच. आणि बिघडलं असतं तर गाव तेच, तोंड लपवायला जागा नव्हती. इथे तर एलएलपी आहे.

रिकामटेकडा | बुधवार, दुपारी २:११

मान्य. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

विदर्भकन्या | बुधवार, सायंकाळी ६:३०

थोडं वेगळं बोलते, राग नका मानू. माझ्या नणंदेचं पोटाचं ऑपरेशन झालं बाळंतपणानंतरचं, एमसीएचवालेच डॉक्टर, मोठं हॉस्पिटल, सगळे कागद बरोब्बर. तरी बेंबीजवळची कातडी काळी पडली, दोन महिने ड्रेसिंग, डाग अजून आहे. तेव्हा डिग्री बघून झालं म्हणजे निश्चिंत झालो असं नाही जी.

भूलभुलैया | बुधवार, रात्री ८:४०

अगदी बरोबर बोललीस आणि राग कशाला. कातडी काळी पडणं, रक्त साकळणं, पाणी साचणं हे चांगल्यात चांगल्या हातूनही होतं. फरक पुढे कळतो. तुझ्या नणंदेचं दोन महिने ड्रेसिंग कोणी केलं?

विदर्भकन्या | बुधवार, रात्री ८:५२

त्यांनीच. स्वतः. पैसे पण नाही घेतले नंतरचे.

भूलभुलैया | बुधवार, रात्री ८:५५

हं.

जर्सीतली_जाई | गुरुवार, पहाटे ५:१०

अमेरिकेतही काही वेगळं नाही बरं का. इथे लायसन असलेला कुठलाही डॉक्टर स्वतःला कॉस्मेटिक सर्जन म्हणवून घेऊ शकतो, "बोर्ड सर्टिफाइड" असं नुसतं लिहितात, कुठला बोर्ड ते नाही. अमेरिकन बोर्ड ऑफ प्लास्टिक सर्जरी असं पूर्ण नाव पाहिजे. सर्टिफिकेशन मॅटर्स म्हणून फुकट साइट आहे त्यावर नाव टाकलं की कळतं. माझी बहीण लंडनला आहे, तिकडे जीएमसी म्हणजे त्यांच्या जनरल मेडिकल कौन्सिलचं स्पेशालिस्ट रजिस्टर असतं, त्यात प्लास्टिक सर्जरीखाली नाव आहे का बघायचं. भारतात येऊन स्वस्तात करून घेणाऱ्यांनी पण वाचा हा धागा, दोन आठवड्यांच्या सुट्टीत लग्न पण, ऑपरेशन पण असं आमच्याकडचे लोक करतात आणि टाके काढायला विमानात.

हिशेबी | गुरुवार, सकाळी १०:४५

इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही. मी क्लेममध्ये काम करतो. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी हे आयआरडीएआय म्हणजे विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत आठव्या नंबरवर आहे, सगळ्या कंपन्यांचं सारखंच. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा डॉक्टरांनी आजारावरचा इलाज म्हणून लिहून दिलेलं असेल तर मिळतं. गायनेकोमॅस्टिया बहुतेक वेळा नाकारतात. त्यामुळे क्लिनिकवाले "क्लेम करून देऊ, डायग्नोसिस बदलून गाठ लिहू" म्हणाले तर पळा, ते फ्रॉडमध्ये जातं आणि सही तुमची असते.

सांजवात | गुरुवार, रात्री ११:३०

अपडेट. मोठी आहे, झोप उडालीय.

काल ऑफिसातून हाफ डे टाकून मी स्वतः गेले पुण्याला, भावाला न सांगता. मोबाइलच्या दुकानावर दुसरा मजला. सोफा होता, आर्किड पण होतं (भूलभुलैया 😀). भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर, अकरा मोजली, सगळी इंग्रजी, सोनेरी सील, वर्कशॉप अटेंड केल्याची. महापालिकेचं एकही नाही. रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर ती फोनवाली मुलगी म्हणाली मॅम सर इंटरनॅशनली सर्टिफाइड आहेत. मी म्हटलं ते छान आहे, महाराष्ट्रात आहेत का? दहा मिनिटं आत गेली आणि चिठ्ठीवर नंबर लिहून आणला.

तिथेच बसून टाकला. नंबर खरा निघाला, माणूस खरा निघाला, एमबीबीएस. बास. पुढे काही नाही. मला वाटलं कुंदाताई म्हणतात तसं चढवायचं राहिलं असेल म्हणून डॉक्टरांनाच विचारलं, नंतरची डिग्री कुठली? ते म्हणाले, आय डोन्ट ऑपरेट, मी कन्सल्ट करतो, सर्जरीला आमचे व्हिजिटिंग सर्जन येतात. कोण? त्या दिवशी जे अव्हेलेबल असतील ते!! भूल कोण देणार? "सरच बघतात." आता हे सर कुठले, बघणारे की येणारे, ते काही कळलं नाही.

म्हणजे ज्यांच्या रील बघून भाऊ भाळला ते हात लावणारच नाहीत, आणि जे हात लावणार त्यांचं नाव आम्हाला ऑपरेशनच्या दिवशी कळणार. मी टोकन परत मागितलं तर म्हणाले नॉन रिफंडेबल आहे, वाटलं तर स्किनचं पॅकेज घ्या तेवढ्याचं. लाज नाही वाटत लोकांना.

घरी येऊन भावाशी कडाक्याचं भांडण झालं. मला न विचारता का गेलीस, तुला काय कळतं मला काय वाटतं ते. त्याचंही खरं आहे.

टाका_दोरा | शुक्रवार, सकाळी ७:१५

ताई जे केलंत ते फार थोडे लोक करतात. माझ्या ओपीडीत असे पेशंट बिघडल्यावर येतात, आणि त्यांना विचारलं कोणी केलं तर नावच माहीत नसतं. क्लिनिकचं नाव सांगतात.

नाशिकमध्येच बघा आधी. एपीएसआय म्हणजे प्लास्टिक सर्जनांची देशभराची संघटना, १९५७ पासूनची, त्यांच्या साइटवर सदस्य शोधता येतात. नाहीतर सरळ मुंबईला केईएम किंवा पुण्याला ससूनच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत दाखवा, रांग लावावी लागेल पण मत तरी पक्कं मिळेल.

कुंदा_७ | शुक्रवार, सकाळी ९:००

पाच हजारासाठी ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) तक्रार कर, सोडू नकोस. आणि कौन्सिललाही लिही. त्याच २००२ च्या नियमात आहे, त्या विषयातली खास पदवी नसताना स्वतःला त्याचा स्पेशालिस्ट म्हणवून घेता येत नाही.

पाववडा | शुक्रवार, सकाळी ९:०६

+१००. आणि भाऊ बोलायला लागला का?

सांजवात | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

उशीर झाला, माफी. भाऊ बोलतोय.

नाशिकलाच एक डॉक्टर मिळाले, एमसीएच, दोन्हीकडे नाव तपासलं, वय झालेले, बोलणं जरा खडूस. रील वगैरे काही नाही, वेटिंग रूमला पंखा कुरकुरतो. शर्ट काढायला लावला, दोन बोटांनी दाबून बघितलं, म्हणाले यात नुसती चरबी नाही, गाठीसारखी ग्रंथी आहे, नळीने ओढून निघणार नाही, त्यासाठी काळ्या वर्तुळाच्या कडेला छोटा छेद घ्यावाच लागतो. बिनाटाक्याचं कोण म्हणालं तुला? भाऊ गप्प.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने भाऊ बाहेर आला तो लाल होऊन. जिमच्या ट्रेनरने "मसल बिल्डिंग" म्हणून आठ महिन्यांपासून काय काय इंजेक्शनं दिली होती ती घेत होता. आधीपासून थोडं होतंच, ते झाकायला छाती कमवायची म्हणून जिम, आणि त्या इंजेक्शनांनी ते अजून वाढलं. घरात कोणाला पत्ता नाही. तिकडे पुण्याला कोणी हे विचारलंच नव्हतं म्हणे, फक्त फोटो काढले होते.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि अजून दोन. हार्मोनच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि सांगितलं सुया बंद, सहा महिन्यांनी ये, तेव्हा जेवढं उरलेलं असेल तेवढंच कापू, आत्ता कापलं आणि तू परत टोचून घेतलंस तर परत येईल. फी घेतली सहाशे रुपये.

पुण्याच्या क्लिनिकचा फोन आजही आला होता. आता ३२ मध्ये द्यायला तयार आहेत.

भूलभुलैया | रविवार, रात्री ९:४१

खडूस डॉक्टरांना माझा नमस्कार सांग.

ठाणेकर_बाप्पा | रविवार, रात्री १०:०३

मी टक्कल ठेवायचं ठरवलंय.

नवा_आयडी_नाशिक | रविवार, रात्री ११:५८

मीच तो भाऊ. ताईने लिंक पाठवली. माझी छाती अख्ख्या महाराष्ट्रात पोचवल्याबद्दल ताईचे आभार 🙏 सुया बंद केल्यात. कोणाला हाच त्रास असेल तर माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा, उघड्यावर लिहायला मलाही जमलं नसतं.